एकदाच विचारलं

१२ जानेवारी

मावशी,

नमस्कार. आधी चष्मा लाव, मग वाच. मागच्या पत्राच्या दुसऱ्या बाजूलाही मजकूर होता, तो तू वाचलाच नाहीस हे तुझ्या उत्तरावरून कळलं. फोनवर तुला खरखरीशिवाय काही ऐकू येत नाही आणि कागद तू अर्धाच वाचतेस, मग मी बोलायचं तरी कसं?

तर बातमी अशी, की इथल्या वृद्धाश्रमात दुपारच्या पाळीची मुख्य नर्स म्हणून आता मला नेमलंय. चौदा खोल्या, चौदा म्हातारी माणसं, हाताखाली दोन मुली. आमची मेट्रन कुणाचं कौतुक करण्यातली नाही. तीही सगळ्यांसमोर म्हणाली, "बाहेरच्या देशांतून आलेल्यांपैकी इथली पद्धत हिनं सगळ्यात लवकर उचलली." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

ही पद्धत म्हणजे काय, तर माणसाला एकदा विचारायचं आणि तो जे म्हणेल ते मानायचं. पाणी हवं का? नको. संपलं. पुन्हा विचारलं की त्यांना अपमान वाटतो. पहिल्या वर्षी मी माझ्या डब्यातलं खायला एका सहकारी बाईच्या फार मागे लागले होते. तिनं चक्क वर तक्रार केली, की ही मला छळते. तेव्हा रडले होते. आता आपल्याकडचा तो आग्रह आठवला की मलाच कसंतरी होतं. पाहुणा पोटावर हात ठेवून नको नको म्हणतोय आणि आपण वाढतोय! त्याला बिचाऱ्याला रात्रभर झोप नाही आणि आपल्याला वाटतं, आपण पाहुणचार केला.

इथे मला कुणाला काही पटवून द्यायचं शिल्लक राहत नाही. समोरच्यानं नको म्हटलं की मला सुटल्यासारखं वाटतं.

तुला इथून काही पाठवू का? नको असेल तर तसं सरळ लिही. मी पुन्हा विचारणार नाही.

तुझी
ठकू


३० जानेवारी

ठकू,

आशीर्वाद आहेतच, ते काय दर पत्रात नव्यानं द्यायचे? बढतीचं वाचून आनंद झाला. दोन्ही बाजू वाचल्या, पाकीटसुद्धा उलटंपालटं करून पाहिलं.

मला काही नको. पुन्हा विचारणार नाहीस असं तू आधीच लिहिलंस, त्यामुळे मनातले लोकरीचे मोजे गेले ते गेलेच. असो. माझ्या पायांना सवय आहे.

तुला आता कसंतरी होतं त्या आग्रहाबद्दल दोन शब्द लिहिते, रागावू नकोस. तुझ्या आजोबांनी आम्हा दोघी बहिणींना लहानपणी शिकवलं होतं, की कुणालाही तीनदा विचारायचं. पहिलं 'नको' हे रीत म्हणून असतं. दुसरं, हा मनापासून विचारतोय की तोंडदेखलं, हे बघायला असतं. तिसरं पोटातून येतं, आणि ते मानायचं. तिसऱ्यानंतरही वाढणारा माणूस आडदांड आणि पहिल्यालाच भांडं उचलणारा कंजूष, असं ते म्हणायचे. तुझी आई याही हिशोबात बसायची नाही. तिचं 'नको' चौथ्यांदासुद्धा खरं नसायचं. पुढे ताट ठेवून आपण उठून जायचं, मग ती जेवायची.

मी अठ्ठावीस वर्षं सरकारी कचेरीत चौकशीच्या खिडकीत बसले. तिथं काय शिकले माहीत आहे? माणूस जे विचारायला येतो ते विचारत नाही. एक गृहस्थ सलग चार दिवस येऊन विचारायचे, "कचेरी किती वाजता बंद होते?" दारावर पाटी होती. पाचव्या दिवशी मी म्हटलं, "काका, बसा. कोण गेलं?" बायकोच्या मृत्यूचा दाखला हवा होता त्यांना. तो शब्द तोंडातून निघत नव्हता.

तुझ्या मेट्रनबाईंना माझ्या खिडकीत आठवडाभर बसवायला हवं होतं. गंमत केली. तुझं काम तू चांगलंच करत असशील.

तुझी आई जाऊन परवा तीन वर्षं झाली. मी घरातच होते. कुणी आलं नाही, मीही कुणाला बोलावलं नाही.

मावशी


२१ फेब्रुवारी

मावशी,

मोजे पाठवले आहेत. दोन जोड.

इथे जरा गडबड चालू आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. सात नंबरच्या खोलीतल्या आजी गेल्या. वय झालं होतं. पोटात आतडं फुटलं होतं, असं मागाहून कळलं. त्या इथल्या नव्हेत. तरुणपणी दुसऱ्याच कुठल्या देशातून आल्या होत्या, म्हणजे माझ्यासारख्याच. इथली भाषा चार शब्दांपुरती यायची.

चौकशी झाली. तसा नियमच आहे. आमच्याकडे प्रत्येकाच्या खोलीत एक तक्ता असतो. दर पाळीला विचारायचं, दुखतंय का, डॉक्टर हवेत का, आणि उत्तरापुढे खूण करून सही करायची. माझ्या तक्त्यात काही चूक निघाली नाही. शेवटचे दोन्ही दिवस दुपारी मी विचारलं होतं, दोन्ही दिवस तक्त्यावर 'नको' आहे आणि खाली माझी सही आहे. मेट्रननं तक्ता पाहून सांगितलं, की तुझ्यावर काही येणार नाही, तक्ता नीट आहे.

त्यांचा मुलगा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, दूरच्या गावात राहतो. तो सामान न्यायला येईल.

मन लागत नाही, पण होईल ठीक. तू मोजे घाल, ठेवून देऊ नकोस.

ठकू


१० मार्च

ठकू,

मोजे घातले. गरम आहेत.

एवढ्याशा पत्रात तक्ता पाच वेळा आला. माणूस एकदाच मेला. खिडकीत बसून बसून मला वाईट सवय लागली आहे, लोक जे पुन्हापुन्हा दाखवतात त्याच्या पलीकडे मी बघते. तर आता तक्ता बाजूला ठेव आणि मला सांग. तू विचारलंस तेव्हा त्या बाई नेमकं काय म्हणाल्या? हात कुठे होते? जेवल्या होत्या का? तुझ्याकडे बघून म्हणाल्या की भिंतीकडे?

कुणापुढे तरी बोल, नाहीतर आत सडेल ते. मी पुष्कळ ऐकलं आहे. माझ्या कानांनी दगा दिला तरी डोळ्यांना वाचता येतं.

मावशी


२८ मार्च

मावशी,

तुला ऐकायचंच आहे ना, मग ऐक.

पहिल्या दिवशी त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी आत गेल्यावर वळल्या आणि हसल्या. ताट तसंच होतं, झाकण न काढलेलं. वरच्या ओठावर घाम होता. खोली थंड होती. मी विचारलं, "दुखतंय का? डॉक्टरांना बोलावू?" त्या म्हणाल्या, "नको, नको. तुम्हाला किती काम असतं." एका हातानं माझा हात थोपटला. दुसऱ्या हाताच्या मुठीत पांघरुणाचं टोक होतं, पिळून घट्ट धरलेलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. फक्त त्या दिवशी वळल्या नाहीत. नुसतं "तुम्हाला किती काम" एवढंच म्हणाल्या. मी खूण केली, सही केली आणि आठ नंबरमध्ये गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याची गाडी बोलवावी लागली. दुपारी मी कामावर आले तर पलंगावर नवी चादर होती.

दिसलं होतं मला. आंधळी नाही मी. पण बाई नको म्हणाली! मोठी, शहाणी, स्वतःचं मन असलेली बाई. तिचा शब्द खोटा धरायचा अधिकार मला कुणी दिला? तू आणि आजोबा आणि तुमचं तीनदा विचारणं! त्यानं आपल्या घरात कुणाला कधी खरं बोलताच आलं नाही. हवं असेल तर हवं म्हणावं माणसानं. समोरच्यानं किती ओळखत बसायचं? ओळखलं नाही तर दोष पुन्हा आपलाच!

आईनंही नको म्हटलं होतं. मी फोनवर स्पष्ट विचारलं होतं, "येऊ का?" ती म्हणाली, "नको ग, कशाला एवढी दगदग, मी बरी आहे." मी तिचा शब्द मानला. बाकी कुणी कधी मानला नव्हता, मी मानला. त्याबद्दल मला कुणी काही बोललेलं चालणार नाही, मावशी. तूसुद्धा नाही.

ठकू


११ एप्रिल

ठकू,

तू म्हणालीस बोलू नकोस. तरी बोलते.

तुझी आई बरी नव्हती. तू फोन केलास तेव्हा ती उशीला टेकून बसली होती, कारण आडवं पडून बोललं तर आवाजावरून तुला कळेल म्हणाली. फोन ठेवल्यावर तिनं मला विचारलं, "काय ग, आवाज बरा लागला ना?" मी म्हटलं, लागला. मग ती भिंतीकडे वळली आणि संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

त्यानंतर ती एकोणीस दिवस होती. मी रोज तिला विचारत होते, "बोलावू का पोरीला?" दहादा विचारलं असेल. दहाही वेळा नको म्हणाली. पण जिन्यावर पाऊल वाजलं की मान वळायची. तुझ्या खोलीतली गादी तिनं मला उन्हात घालायला लावली. कशाला, असं मी विचारलं, तर म्हणे, वास येतो. कुणी झोपतच नव्हतं त्या गादीवर, वास कशाचा येणार?

तुला हे माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. तुझ्या आईच्या हाताखाली तू बावीस वर्षं वाढलीस. तिचं 'नको' कुठलं खरं आणि कुठलं रीतीचं, हे तुला शाळेत जायच्या आधीपासून कळायचं. ताटात शेवटचा घास तिला ठेवायचा, हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. तू तिकडे जाऊन नवी पद्धत शिकलीस असं नाही, आपली विसरायची ठरवलीस. का ठरवलीस तेही मला कळतं. त्यांच्या पद्धतीनं धरलं, तर तुझ्या आईचं 'नको' खरं ठरतं.

त्या सात नंबरच्या बाईला तुम्हा सगळ्यांत एकच माणूस ओळखू शकत होतं. तिचं बोलणं जिच्या घरातल्यासारखं होतं, ती. तिनंच पाठ फिरवली.

कडू लिहिलं आहे. पण आता फाडत नाही.

मावशी


२० मे

ठकू,

एक महिना उलटून गेला. पोस्टमन मला बघून आता लांबूनच हात हलवतो. शिव्या द्यायच्या तर दे, पण कागदावर दे.

मावशी


१७ जून

मावशी,

तुझं एप्रिलचं पत्र मी एकदा वाचलं आणि कपाटात कपड्यांखाली ठेवलं. महिनाभर तुझा इतका राग होता, की मेलीस तरी येणार नाही असं मनात म्हणाले. म्हणाले होते, म्हणून सांगते.

मग एके दिवशी मी मेट्रनच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. सात नंबरच्या आजींचं नाही, आपल्या घरचं. आजोबांची तीन 'नको', आईचं चौथं, ताट ठेवून उठून जाणं. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. मग म्हणाली, की तिच्या लहानपणी घरात उलटं होतं. पोरीनं नको म्हटल्यावर कुणी पुन्हा विचारलं, तर तिची आजी विचारणाऱ्यालाच झापायची, "तिचं तोंड आहे, तिचा शब्द आहे, खोटी ठरवू नका तिला." बायकांचा शब्द कुणी मानत नव्हतं त्या काळातही त्यांच्या घरात तो मानत. मावशी, मी पाच वर्षं इथल्या माणसांना कोरडं समजत होते. कोरडी असूनही शहाणी माणसं, म्हणून त्यांची पद्धत घेतली होती. त्यामागे माया असेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

मेट्रननं विचारलं, "मग हे तू आम्हाला आधी का नाही सांगितलंस? आमच्यात तुमच्यासारखे किती जण राहतात." मी खरं ते सांगितलं. मला लाज वाटायची. आपल्या घरचं जे जे होतं ते मी इथे दाराबाहेर ठेवून आत यायचे.

तेव्हापासून मी एक करून पाहिलं. अकरा नंबरमध्ये इथलेच एक म्हातारे सुतार आहेत. त्यांना मी आजोबांच्या हिशोबानं तीनदा विचारलं, तर त्यांनी पेला भिंतीवर फेकला. बरोबरच होतं त्यांचं. म्हणजे तीनदा विचारणं हाही काही सगळ्यांचा इलाज नाही. मग मी दुसरंच विचारायला लागले, "तुमच्या घरी नको कसं म्हणायचे?" आधी माझं सांगते, मग विचारते. माझ्या घरचं ऐकून हसतात आणि मग त्यांचं निघतं. एक बाई म्हणाल्या, आमच्याकडे नको म्हणायची सोयच नव्हती, मार बसायचा. त्यांच्या तक्त्यावर सहा महिने प्रत्येक गोष्टीला 'हो' आहे. कुणी बघितलं नव्हतं.

हे सगळं छान वाटेल वाचायला. आता पुढचं लिहिते.

सात नंबरच्या आजींचा मुलगा मे अखेरीला सामान न्यायला आला. माझ्याच वयाचा, हातात हत्यारांची पिशवी, कामावरून थेट आलेला. लहानपणीच इथे आला, बोलणं-चालणं सगळं इथलं. वृद्धाश्रमाच्या कचेरीनं आम्हाला बजावलं होतं, की त्यांनी विचारलं तर एवढंच सांगायचं, तुमच्या आईनं कधी दुखण्याची तक्रार केली नाही. मेट्रनही माझ्याकडे न बघता तेच म्हणाली.

भेटायला येणाऱ्यांच्या खोलीत तो बसला होता. टेबलावर एक चष्म्याची डबी, दोन स्वेटर, चपला. त्यानं विचारलं, "शेवटच्या दिवसांत तिला त्रास झाला का?" कचेरीचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. ते म्हटलं असतं तर तो सामान उचलून गेला असता. मावशी, मी त्याला सगळं सांगितलं. घाम, ताट, मूठ, दोन दिवस, सही. म्हटलं, मला दिसत होतं. तुमच्या आईचं 'नको' मला ओळखीचं होतं, कारण माझी आई तसंच म्हणायची. मी ओळख दाखवली नाही.

त्यानं टेबलावरच्या चपला जुळवून ठेवल्या. मग म्हणाला, "मी दर रविवारी फोन करायचो. येऊ का, असं दर रविवारी विचारायचो. ती म्हणायची, नको, तुला किती काम असतं. म्हणजे..."

मी म्हणाले, "तुमच्या आईला मी तेवढी ओळखत नव्हते. मला सांगता येणार नाही." तो ओरडला, "पण तुम्हाला ओळखीचं होतं म्हणालात ना आत्ता!" मी म्हटलं, "माझी आई नको म्हणायची तेव्हा तिला मी हवी असायचे. मी गेले नाही. ती वाट बघत गेली."

तो उठला. दाराशी जाऊन परत आला आणि अगदी हळू म्हणाला, "हे तुम्ही मला का सांगितलंत? मी बरा होतो इतके दिवस."

खरं बोलायला गेले आणि त्याच्याजवळ जे उरलं होतं तेही घेतलं, असं वाटलं. स्वेटर तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी त्यानं रीतसर तक्रार दिली. सुनावणीत मी सगळं लेखी दिलं, काही लपवलं नाही. माझं नर्सचं काम काढून घेतलं आहे, निदान दोन वर्षांसाठी. मेट्रन निरोप द्यायला फाटकापर्यंत आली. म्हणाली, तक्ता बदलायला सांगितलाय वर. मी म्हटलं, बरं.

एप्रिलमध्ये तू जे केलंस तेच मी त्या माणसाला केलं. ते बरोबर असतं की चूक, मला अजून कळलेलं नाही. पण तुझा राग आता गेला. तू सांगितलं नसतंस तर मी त्याच्यापुढे तक्ता धरून बसले असते. तू तिला दहादा विचारलंस, माझ्या वाटचंही विचारलंस, त्याचे उपकार मानते.

ठकू


९ जुलै

ठकू,

तुझं पत्र आलं त्याला पाच दिवस झाले. चार कागद फाडले, हा पाचवा.

काम गेल्याचं वाईट वाटलं. तुझा अभिमान वगैरे वाटतो असंही लिहिलं होतं पहिल्या कागदावर. खरंच वाटतो. पण ते लिहायचा अधिकार मला नाही, म्हणून फाडलं.

उपकार मानू नकोस. मी दहादा विचारलं हे खोटं आहे. एकदाच विचारलं. तुझा फोन आला त्याच दिवशी, संध्याकाळी. ती नको म्हणाली आणि मी लगेच पांघरूण सारखं करून बाहेर आले. आजोबांचं सगळं मला पाठ होतं. अठ्ठावीस वर्षं परक्या माणसांच्या पोटातलं खिडकीतून ओळखत होते. माझ्या बहिणीचं मला ओळखता आलं नाही, असं कोण मानेल? जिन्यावर पाऊल वाजलं की तिची मान वळायची ते मी बघत होते. गादी उन्हात मीच घातली. तुला चार ओळींची तार करायला मला कोपऱ्यापर्यंत चालत जावं लागलं असतं. पोस्ट तिथेच आहे. मी एकोणीस दिवस गेले नाही.

का, ते आता लिहितेच. तुझी आई लग्न होऊन गेली तेव्हा मी सोळा वर्षांची होते. मग आईवडील गेल्यावर मी तुमच्या घरी राहायला आले. तुमच्या घरात मी नेहमी होते, पण माझ्यासाठी म्हणून तिथे काही नव्हतं. ती आधी तुझ्या बाबांची, मग तुझी. मी स्वयंपाकघरात, खिडकीत, कोपऱ्यातल्या खाटेवर. तुझे बाबा गेले, तू गेलीस, आणि चाळीस वर्षांनी बहीण माझ्या एकटीची झाली. आजारपणात तर फारच झाली. तिचे केस मी विंचरायचे. लहानपणीच्या गोष्टी करायचो, तुला ठाऊक नसलेल्या. तू आली असतीस तर पहिल्या मिनिटाला ती पुन्हा तुझी आई झाली असती आणि मी पुन्हा घरात राहणारी मावशी.

म्हणून तिचं 'नको' मी मानलं. मला ते हवंच होतं. तू निदान लांब होतीस, तुझ्या कानावर फक्त आवाज होता. मी तिच्या उशाशी होते.

आणि मग तीन वर्षं तुला पत्रातून शहाणपण शिकवत बसले. एप्रिलमध्ये तुला जे लिहिलं त्यातलं पाठ फिरवणारं माणूस मीच आहे. ते लिहिताना मला माहीत होतं. तुझ्यावर टाकलं की माझ्या अंगावरून उतरेल असं वाटलं. उतरलं नाही.

तू त्या मुलासमोर बसून त्याच्या तोंडावर सांगितलंस. मला तेवढं जमत नाही, मी कागदावर सांगते आहे, आणि तू इथे नाहीस याचं आत्तासुद्धा मला बरंच वाटतं आहे.

ती शेवटी कुणाचं नाव घेत होती असं तू मला कधी विचारलं नाहीस. तुझं घेत होती. शेजारी कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून मी दार लावून घेतलं होतं.

मावशी